जिवंत झेब्राफिशमधले कॅल्शियम सिग्नल एक्वोरिनने कसे पकडायचे: कोकणातल्या लॅबसाठी पायरीपायरीने

मासा ठेवला तरी ग्राफ तेवढाच आणि काढला तरी तेवढाच, किंवा सकाळी सिग्नल भरपूर आणि दुपारी त्याच पिल्लात काहीच नाही, या दोन तक्रारी घेऊन लोक सारखे येतात. दोन्हीच्या मुळाशी बहुतेक वेळा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीची सवय असते. तिथे आपण बाहेरून प्रकाश टाकतो, नाही जमलं तर परत टाकतो, फोकस नीट करतो, पुन्हा बघतो. एक्वोरिन हे कॅल्शियम आलं की स्वतःच प्रकाश देणारं प्रोटीन, त्यामुळे इथे बाहेरून काहीच टाकायचं नाहीये. प्रकाश प्राण्याच्या आतून येतो, अगदी थोडा येतो, आणि आला की संपला. म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर यावर इथे सगळं अवलंबून आहे, आणि नेमका तोच क्रम लोक चुकवतात.

खालचं सगळं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडलेलं एक्वोरिन स्वतः बनवणाऱ्या झेब्राफिशच्या चार-पाच दिवसांच्या पिल्लांसाठी लिहिलंय, कारण छोट्या लॅबला परवडणारा आणि रत्नागिरी-मालवणच्या हवेत सांभाळता येणारा प्राणी तोच. दुसऱ्या सेन्सरबद्दल आणि उंदराबद्दल शेवटी थोडं आहे.

सुरू करण्याआधी: हा प्रकाश खर्च होतो

एक्वोरिनचे दोन भाग. एक म्हणजे पेशीने स्वतः बनवलेलं प्रोटीन, एपोएक्वोरिन, आणि दुसरं आपण बाहेरून दिलेलं सीलेंटराझीन. ऑक्सिजन असताना दोन्ही जुळून तयार एक्वोरिन होतं आणि या जुळणीला काही तास लागतात. मग त्याच्यावर कॅल्शियम येऊन बसलं की ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश निघतो, शेजारी जीएफपी जोडलेलं असेल तर ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि ५१० च्या आसपास हिरवा प्रकाश मिळतो. काडेपेटीतल्या काडीसारखं आहे हे, एक रेणू एकदाच पेटतो, पुन्हा हवा असेल तर नवीन सीलेंटराझीन आणि परत काही तास.

यातून दोन गोष्टी निघतात. ज्या पिल्लावर खरं रेकॉर्डिंग करायचंय त्याच्यावर "ट्रायल" घ्यायची नाही, कारण ट्रायलमध्ये जे जळलं ते परत येत नाही. आणि पिल्लाला हाताळताना, पिपेटने ओढताना, थंड पाण्यात टाकताना ते घाबरून तडफडलं तर तो खर्च तुमच्या रेकॉर्डिंगच्या आधीच होऊन जातो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

पायरी १: परवानग्या आणि माशांची ओळ

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि ट्रान्सजेनिक मासे, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेले, असल्यामुळे जैवसुरक्षा समितीची मंजुरी, दोन्ही हातात आल्याशिवाय अंडीसुद्धा मागवू नका. पिल्लं किती लागतील हे लिहिताना फक्त सिग्नलवाली मोजू नका, पायरी ७ मधले सगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली पिल्लं, धरा, नाहीतर मधेच कमी पडतात आणि लोक कंट्रोलच गाळतात.

माशांची ओळ, म्हणजे एकाच जनुकाचा वंश, निवडताना एक गोष्ट नक्की विचारा: एक्वोरिन कुठल्या पेशींमध्ये बनतंय? चेतापेशींसाठी म्हणून घेतलेल्या ओळीत स्नायूंमध्येही थोडं गळत असेल, तर पिल्लू शेपटी हलवेल तेव्हा स्नायूंचा प्रकाश एवढा येईल की चेतापेशींचा त्यात बुडून जाईल, आणि तुम्ही तो ग्राफ मेंदूचा म्हणून दाखवाल. मिळालेल्या ओळीतलं एक पिल्लू कॉन्फोकलखाली किंवा साध्या फ्लुरोसन्स स्कोपखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत बघून घ्या.

सावधान: आपल्याकडे जुलैत गटारं तुंबून पाणी उलटं येतं. ट्रान्सजेनिक टाकीचं ओव्हरफ्लो पाणी कुठे जातं ते पावसाआधी बघा. ते पाणी, त्यातली अंडी किंवा पिल्लं विहिरीत, पऱ्यात किंवा खाडीत जाता कामा नयेत. निचऱ्याला बारीक जाळी आणि त्यापुढे ब्लीचचा डबा हवाच.

पायरी २: अंधार

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लोक पेटी आणतात, काळा पडदा टाकतात आणि डोळ्याला अंधार दिसला की पुढे जातात. पण डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतो, डोळ्याला जे अंधारासारखं वाटतं ते त्याला दिवसासारखं असू शकतं.

खोलीतला प्रत्येक छोटा दिवा शोधा. एसीचा हिरवा दिवा, यूपीएसचा डिस्प्ले, इन्व्हर्टरचा लाल ठिपका, एक्स्टेंशन बोर्डाचा निऑन, कॉम्प्युटरचा मॉनिटर, राउटर. हे सगळे झाकायचे किंवा खोलीबाहेर काढायचे. मग खोली बंद करून पंधरा-वीस मिनिटं आत बसा, मोबाइल बाहेर ठेवून. डोळे सरावले की पहिल्यांदा न दिसलेल्या चिरा दिसायला लागतात: दाराखालची फट, स्प्लिट एसीच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेलं भोक, खिडकीच्या तावदानाचा कोपरा.

मग पेटी. तिच्यात केबल आणि नळ्या जातात ती भोकं पहिले गुन्हेगार. पारदर्शक सिलिकॉनची नळी बाहेरचा प्रकाश सरळ आत वाहून नेते, त्यामुळे द्रव सोडायची नळी काळीच हवी, आणि आत शिरताना तिला एक-दोन वळणं द्या. काळी चिकटपट्टी ही कोकणातली खास अडचण आहे: मे महिन्यात ती छान बसते, जुलैत हवा ओली झाली की गोंद सुटतो, कोपरा अर्धा मिलिमीटर उचलला जातो आणि बाहेरून बघून कळतही नाही. म्हणून पट्टीवर विसंबू नका, दाराला काळ्या फोमची किंवा रबराची पट्टी स्क्रूने दाबून बसवा आणि वरून काळं जाड कापड दोन पदरी टाका.

दुसरा, न दिसणारा प्रकाश म्हणजे वस्तूंची स्वतःची चमक. ट्यूबलाइटखाली ठेवलेली प्लास्टिकची डिश, कागदी लेबल, पांढरी नायलॉनची जाळी, टिश्यू पेपर, हे सगळं अंधारात गेल्यावर बराच वेळ मंद चमकत राहतं. पेटीत कागद नको, पांढरं काही नको, लेबल डिशच्या खाली नको. डिश शक्यतो काचेची घ्या आणि वापरण्याआधी अंधारात ठेवलेली असू द्या.

तपासा: पेटी रिकामी ठेवून खोलीतले दिवे बंद असताना दहा मिनिटं मोजा, मग खोलीतले सगळे दिवे लावून दहा मिनिटं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. "सारखे" म्हणजे किती, तर फोटॉनची मोजणी मुळातच खालीवर होते, १०० मोजले तर साधारण १० इकडेतिकडे धरायचे, १०,००० मोजले तर १००, म्हणजे आकड्याचं वर्गमूळ. फरक त्याच्या दोन-तीन पटीपेक्षा जास्त असेल तर पेटी गळतेय. टॉर्च घेऊन बाहेरून एकेक सांधा फिरवा आणि दुसऱ्या माणसाला मॉनिटरवरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा, गळती सापडायला याहून सोपा मार्ग नाही.

ही तपासणी दर मोसमात करायची, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला.

पायरी ३: डिटेक्टर, दमट हवा आणि लाईट

फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे पीएमटी, घ्यायची की ईएमसीसीडी, म्हणजे अगदी मंद प्रकाश टिपणारा कॅमेरा? पिल्लू मोकळं पोहणार असेल आणि एकूण किती प्रकाश आला एवढंच हवं असेल तर पीएमटी. शरीराच्या कुठल्या भागातून आला हे हवं असेल तर कॅमेरा, पण मग पिल्लू बांधून ठेवावं लागेल आणि एकेक फ्रेमला पुष्कळदा सेकंदभर किंवा जास्त वेळ द्यावा लागेल. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने पीएमटीवरच काढा, अंधार आणि रसायन दोन्ही हाताखाली आले की मग कॅमेऱ्याकडे जा. कॅमेऱ्यातलं सुंदर चित्र बघून लोक कंट्रोल विसरतात.

पीएमटीला हाय व्होल्टेज चालू असताना खोलीचा प्रकाश लागला तर ती कायमची बिघडू शकते. दाराला असा स्विच लावा की दार उघडलं की व्होल्टेज आपोआप बंद. व्होल्टेज बंद असतानाही ट्यूबवर ट्यूबलाइटचा प्रकाश पडू देऊ नका, तिचा डार्क काउंट, म्हणजे पूर्ण अंधारातही येणारा आकडा, त्यानंतर काही तास चढलेला राहतो.

पिल्लाची हालचाल एकाच वेळी बघायची असेल तर ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडीने बघता येते, कारण बायअल्कली कॅथोडची (नेहमीच्या प्रकारची) पीएमटी इन्फ्रारेडला जवळजवळ आंधळी असते, तरी मधे हिरवा बँडपास फिल्टर लावाच. ईएमसीसीडीला मात्र इन्फ्रारेड चांगलं दिसतं, तिथे हा उपाय फिल्टरशिवाय चालणार नाही.

आता आपल्या हवेचं. ईएमसीसीडीची चिप उणे ७०-८० अंशांपर्यंत थंड करतात. चिपचा कप्पा बंद असतो म्हणून तिला काही होत नाही, पण पाण्याने थंड होणारा कॅमेरा असेल आणि चिलरचं पाणी खोलीच्या दवबिंदूच्या खाली ठेवलंत तर नळ्यांवर आणि कॅमेऱ्याच्या अंगावर पाणी जमतं. पावसाळ्यात खोली २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या वर असतो, म्हणजे २० अंशांचं पाणी सोडलंत की घाम फुटलाच. आधी एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून खोली कोरडी करा, मग चिलर. आणि ऑब्जेक्टिव्ह लेन्स रात्री सिलिका जेलच्या बंद डब्यातच ठेवा, एका पावसाळ्यात काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती पुसून जात नाही.

लाईटचं सगळ्यांना माहीत आहे. मान्सूनपूर्व गडगडाटात आणि ऑक्टोबरच्या वादळी संध्याकाळी रेकॉर्डिंग ठेवूच नका. एरवी डिटेक्टर, चिलर आणि कॉम्प्युटर तिन्ही ऑनलाइन यूपीएसवर हवेत, फक्त कॉम्प्युटर नव्हे. लाईट जाऊन आली की डिटेक्टर परत स्थिर व्हायला वेळ लागतो, त्या मधल्या काळातला डेटा टाकून द्या, कितीही चांगला दिसला तरी.

पायरी ४: सीलेंटराझीन

निम्मे प्रयोग इथेच मरतात. पावडर महाग, हवेला नाजूक, प्रकाशाला नाजूक आणि पाण्यात तर फारच नाजूक.

कुठलं घ्यायचं: पिल्लातले बारीक सिग्नल पकडायचे असतील तर सीलेंटराझीन-एच, ते मूळ सीलेंटराझीनपेक्षा कॅल्शियमला जास्त संवेदनशील एक्वोरिन देतं. पण पहिल्या फेरीसाठी साधं मूळचं घेतलं तरी चालेल.

कुपी उघडणं: फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली की दमट हवा आत शिरते आणि थंड काचेवर पाणी जमतं. ते पाणी डोळ्याला दिसत नाही, पण पावडर तिथेच खराब व्हायला सुरुवात होते. म्हणून कुपी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली असतानाच ताज्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, अर्धा-पाऊण तास, हाताला खोलीइतकी लागेपर्यंत, आणि मगच झाकण फिरवा. निळं सिलिका जेल आपल्याकडे जूनमध्ये बघता बघता गुलाबी पडतं. गुलाबी दिसलं की ते ओव्हनमध्ये सुकवून परत निळं झाल्याशिवाय कुपीला हात लावायचा नाही.

विरघळवणं: मिथेनॉल किंवा इथेनॉल. डीएमएसओ नको, त्यात सीलेंटराझीन टिकत नाही, आणि दुसऱ्या प्रत्येक औषधाला डीएमएसओ वापरायची सवय असल्यामुळे ही चूक फार जण करतात. हिशोब असा: सीलेंटराझीन-एचचं रेणूभार ४०७.५, म्हणजे २५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत १२३ मायक्रोलिटर टाकले की ५ मिलिमोलर स्टॉक होतो. लगेच ५-१० मायक्रोलिटरचे वाटे करा, जमलं तर वरून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडा, गडद रंगाच्या ट्यूबमध्ये उणे ८० ला. एक वाटा एकदाच वापरायचा, उरलेला परत गोठवायचा नाही.

पिल्लांच्या पाण्यात किती: २० मायक्रोमोलरने सुरुवात करा. वरच्या स्टॉकमधून ते २५० पट पातळ होतं आणि पाण्यात अल्कोहोल ०.४ टक्के राहतं. घाई करून ५० मायक्रोमोलर केलंत तर अल्कोहोल १ टक्का होईल, आणि तेवढ्या इथेनॉलमध्ये पिल्लाचं पोहणं बदलतं, मग जो सिग्नल बदलला तो दारूचा की प्रयोगाचा हे सांगता येणार नाही. जास्त मात्रा हवीच असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन (पाण्यात विरघळायला मदत करणारा पदार्थ) वापरून अल्कोहोल कमी करा. आणि कंट्रोल पिल्लांच्या पाण्यातही तेवढंच अल्कोहोल टाकायचं, हे विसरू नका.

तपासा: शंका असेल तर एका वाट्यातलं थोडं मिथेनॉलमध्ये पातळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरला बघा. चांगल्या सीलेंटराझीनला ४३५ नॅनोमीटरच्या आसपास स्पष्ट शिखर असतं. नवीन कुपी आली त्या दिवशी एकदा मोजून वहीत लिहा, नंतरचे आकडे त्याच्याशी ताडा. शिखर निम्म्यावर आलं असेल तर तो स्टॉक फेकून द्या, जीव तुटला तरी.

पायरी ५: पाणी आणि पिल्लं

पाणी ई३, म्हणजे पिल्लांसाठीचं क्षारांचं ठरलेलं पाणी, डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात बनवलेलं: सोडियम क्लोराइड ५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड ०.३३, मॅग्नेशियम सल्फेट ०.३३. विहिरीचं पाणी "गोडं आहे" म्हणून वापरू नका. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्याच विहिरी ऑगस्टमध्ये पावसाच्या पाण्याने भरलेल्या असतात, एकाच विहिरीचं दोन मोसमांत दोन तऱ्हेचं पाणी. समुद्राचं पाणी तर या खोलीत आणायचंच नाही. त्यात कॅल्शियमच १० मिलिमोलरच्या आसपास असतं, आणि थंडीच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकवणारी नॉक्टिलुका त्यात असेल तर ती डिशमध्येही चमकते. शेजारच्या टेबलावर कोळंबीचं किंवा कालवांचं काम चालत असेल तर पिपेट, बादल्या आणि ब्रश वेगळे ठेवा.

तापमान २८.५ अंश. पावसाळ्यात खोलीच तेवढी असते म्हणून लोक इन्क्युबेटर बंद करतात, पण मे महिन्यात खोली ३३ ला जाते आणि पिल्लं भराभर वाढतात, मग "चार दिवसांचं पिल्लू" हे दोन प्रयोगांत दोन वयांचं असतं. इन्क्युबेटर बाराही महिने चालू.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी, २४ तासांवर, पीटीयू (काळा रंग बनू न देणारं रसायन) ०.००३ टक्के, म्हणजे काळे ठिपके धरणार नाहीत. आधीपासून रंग नसलेली ओळ असेल तर याची गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवी चमक बघून निवड, तीसुद्धा थोडक्यात, एकेका पिल्लावर निळा प्रकाश रोखून बसायचं नाही. निवड झाली की मगच सीलेंटराझीन. उलट केलंत, म्हणजे आधी भिजवलं आणि मग निवडायला बसलात, तर हाताळण्यात तयार एक्वोरिन जळणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिजवायला ठेवा, रात्रभर, फॉइलने झाकून, पसरट डिशमध्ये. उंच भरलेल्या ट्यूबमध्ये नको, कारण जुळणीला ऑक्सिजन लागतो आणि पिल्लांनाही. एका डिशमध्ये गर्दी करू नका.

पायरी ६: बसवणं

सकाळी मंद लाल दिव्यात काम करा. सीलेंटराझीनचं पाणी काढून ताज्या ई३ ने तीनदा धुवा, अगदी हळू, रुंद तोंडाच्या पिपेटने. धुतलं नाही तर पाण्यातलं उरलेलं सीलेंटराझीन आपोआप ऑक्सिडाइज होत प्रकाश देत राहतं आणि तुमची बेसलाइन, म्हणजे उत्तेजनेआधीचा शांत आकडा, तासन्‌तास खाली उतरत जाते. अशी उतरणारी बेसलाइन दिसली की बहुतेक वेळा धुणं कमी पडलेलं असतं.

मोकळं पोहणारं पिल्लू असेल तर एवढंच. बांधायचं असेल तर १.५ ते २ टक्के लो-मेल्टिंग अॅगरोज, हाताच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतपत थंड झालेलं. ट्रिकेन, म्हणजे माशांना बेशुद्ध करायचं औषध, वापरलंत तर ते पूर्ण धुवून पिल्लू जागं होईपर्यंत थांबा, ट्रिकेन चेतापेशींचा सिग्नलच दाबतं.

मग डिश पेटीत, दार बंद, आणि काही न करता अर्धा तास. या अर्ध्या तासात डिशची चमक विझते, पिल्लू शांत होतं आणि अॅगरोजही स्थिर होतं. घाईचा दिवस असला तरी हा अर्धा तास कापू नका.

पायरी ७: रेकॉर्डिंग आणि कंट्रोल

त्याच दिवशी, त्याच पेटीत, या क्रमाने: रिकामी पेटी, फक्त ई३ असलेली डिश, सीलेंटराझीनमध्ये भिजवलेलं पण ट्रान्सजेनिक नसलेलं भावंड-पिल्लू, ट्रान्सजेनिक पण फक्त अल्कोहोलच्या पाण्यात ठेवलेलं, आणि मग खरं पिल्लू.

तिसरा कंट्रोल बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात मोलाचा तोच आहे. सीलेंटराझीन एक्वोरिनशिवायही शरीरात थोडं थोडं जळत असतं. भिजवलेलं साधं पिल्लू किती चमकतं हे माहीत नसेल तर ट्रान्सजेनिकच्या आकड्याला अर्थच राहत नाही.

खरं पिल्लू ठेवल्यावर आधी दहा मिनिटं शांत बेसलाइन. मग उत्तेजना. डिशला बाहेरून टकटक करणारा छोटा सोलेनॉइड सगळ्यात सोपा, पण त्याची ठिणगी आणि त्याचा दिवा दोन्ही पेटीत नकोत. रिकाम्या डिशवर एकदा टकटक करून बघा, आकडा हलला तर तो माशाचा नाही. प्रकाशाने उत्तेजना द्यायची असेल तर त्या क्षणी मोजणी बंद करावी लागते, ती वेगळी आणि अवघड व्यवस्था आहे, सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. दोन टकटकींमध्ये काही मिनिटं सोडा, लागोपाठ मारलंत तर पिल्लू सरावतं आणि प्रतिसाद कमी होतो, आणि तुम्हाला वाटतं एक्वोरिन संपलं.

यंत्रणा चालते का हे दाखवायला, समितीच्या मंजुरीत असेल तर, वेगळ्या पिल्लावर १० मिलिमोलर पीटीझेड (झटके आणणारं रसायन) देऊन झटक्यांसारखा मोठा सिग्नल घेता येतो. तोही आला नाही तर दोष बहुतेक प्रोटीनमध्ये किंवा सीलेंटराझीनमध्ये आहे.

पायरी ८: शेवटी सगळं जाळून मोजणं

ही पायरी सोडली तर आधीचं सगळं नुसते काउंट राहतात. पिल्लात एकूण किती एक्वोरिन होतं हे कळल्याशिवाय दोन पिल्लांची तुलना करता येत नाही.

दार न उघडता, मोजणी चालू ठेवून, काळ्या नळीतून आधी ट्रिकेनचा जास्त डोस सोडा आणि पिल्लू पूर्ण बेशुद्ध होईपर्यंत थांबा, जिवंत जाग्या पिल्लावर डिटर्जंट घालायचं नाही. मग ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट शेवटी १ टक्का होईल असं आणि कॅल्शियम क्लोराइड ५० मिलिमोलर होईल असं. पेशी फुटतात, उरलेलं सगळं एक्वोरिन जळतं, आकडा उसळतो आणि हळूहळू तळाला येतो. परत बेसलाइनला येईपर्यंत मोजत राहा. पाणी फॉस्फेट बफरचं असेल तर कॅल्शियमचा चुन्यासारखा साका बसतो, म्हणून इथे पीबीएस नको, ई३च ठेवा.

सावधान: या उसळीत काउंटर कमी मोजू शकतो, कारण दोन फोटॉन एकदम आले की एकच धरला जातो. काउंटरचा डेड टाइम, म्हणजे एक फोटॉन मोजल्यावर तो आंधळा असतो तेवढा वेळ, ५० नॅनोसेकंद असेल तर सेकंदाला १० लाख काउंटला ५ टक्के हरवतात. त्यापुढे गेलात तर दुरुस्तीचं सूत्र लावा, किंवा ट्रायटन हळू सोडा म्हणजे उसळी पसरट होईल.

पायरी ९: आकड्यांचं काय करायचं

पहिलं काम बॅकग्राउंड वजा करणं, आणि ते बेरीज करण्याआधी. समजा रिकाम्या डिशचा आकडा सेकंदाला ४० आहे आणि रेकॉर्डिंग दोन तासांचं, तर नुसत्या अंधाराचेच २,८८,००० काउंट जमा होतात. पिल्लाचा एकूण प्रकाश ३ लाख असेल तर वजा न करता तुम्ही तो जवळजवळ दुप्पट धरलात.

मग प्रत्येक क्षणाचा प्रकाश भागिले त्या क्षणापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या प्रकाशाची बेरीज. म्हणजे त्या क्षणी शिल्लक असलेल्यातला किती भाग जळाला. असं केलं की सकाळचा आणि दुपारचा प्रतिसाद एकाच मापात येतो, आणि सुरुवातीला लिहिलेली "दुपारी सिग्नल गेला" ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते: प्रतिसाद तेवढाच असतो, शिल्लक कमी झालेली असते.

आणि प्रकाश दुप्पट म्हणजे कॅल्शियम दुप्पट असं लिहू नका. एक्वोरिनचा प्रकाश कॅल्शियमच्या साधारण अडीच ते तीन घाताने वाढतो, कॅल्शियम दुप्पट झालं तर प्रकाश सहा ते आठ पट. याचा अर्थ असाही, की हजार पेशी थोड्या जाग्या झाल्या आणि दहा पेशी जोरात पेटल्या तर ग्राफवर त्या दहाच जास्त दिसतील. फ्लुरोसन्सवाल्यांचा डेल्टा-एफ भागिले एफ (चमकेतला बदल भागिले मूळ चमक) इथे आणून बसवू नका, शांत अवस्थेतला आकडा शून्याच्या इतका जवळ असतो की भागाकार वाटेल तेवढा फुगतो.

दुसरे सेन्सर आणि मोठे प्राणी

नॅनोलुक या दुसऱ्या प्रकाश देणाऱ्या प्रोटीनवर बेतलेले नवे कॅल्शियम सेन्सर आहेत, त्यांना आधी भिजवून जुळवावं लागत नाही, सबस्ट्रेट, म्हणजे त्यांना जाळायला दिलेलं रसायन, असेपर्यंत ते चमकत राहतात. उजेड जास्त, पण मग चमक कमी होण्याचं कारण कॅल्शियम की सबस्ट्रेट संपत आलं हे ओळखायला कॅल्शियमला न जुमानणारं त्याच जातीचं दुसरं प्रोटीन कंट्रोल म्हणून लागतं. पायरी ८ तिथे लागू होत नाही.

उंदरात खरी अडचण रक्ताची. हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश खाऊन टाकतं, त्यामुळे निळा-हिरवा प्रकाश खोलवरून बाहेर येत नाही, केशरी-लाल बाजूचे सेन्सर लागतात, केस काढावे लागतात, आणि सीलेंटराझीन शिरेतून द्यावं लागतं. रक्तातलं अल्ब्युमिन सीलेंटराझीनला स्वतःच जाळून प्रकाश काढतं, म्हणून ट्रान्सजेनिक नसलेल्या उंदराला तेवढाच डोस देऊन घेतलेला कंट्रोल तिथे माशापेक्षाही जास्त गरजेचा. फळमाशीत कवच काढून मेंदू उघडा करून भिजवावा लागतो, बाकी अंधाराचं आणि कुपीचं सगळं हेच.

प्रयोग संपला की डिशमधलं सगळं, न वापरलेली पिल्लंसुद्धा ट्रिकेनच्या जास्त डोसने संपवून, ब्लीचमध्ये ठेवायचं आणि मगच टाकायचं. ट्रायटन आणि सीलेंटराझीनचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्या. पेटी पुसून, दार उघडं ठेवून सुकवा, ओली बंद केली तर फोमला बुरशी येते आणि पुढच्या महिन्यात पायरी २ पहिल्यापासून करावी लागते.